मासेपालनाच्या नकाशात अक्काची साइट

शुक्रवार, फेब्रुवारी अर्धा उलटलेला. हजर: मी, आणि माझी सहकारी. ती पुण्याहून लग्न करून म्हैसूरला आली आणि आमच्या ऑफिसात नकाशांचं सॉफ्टवेअर सांभाळते. गैरहजर: सर. ते सकाळीच बैलकुप्प्याकडच्या शेतकऱ्यांना भेटायला गेले होते.

कुठलंही काम सुरू करताना कोण होतं, कोण नव्हतं हे आधी लिहून ठेवायची मला सवय आहे. नंतर कुणी ‘मला कुणी सांगितलंच नाही’ म्हणत नाही. त्या दिवशीही लिहिलं, आणि खाली विषय लिहिला: मत्स्यतळ्यांसाठी जमिनीची योग्यता, पहिला नकाशा. पुढे दोन-तीन दिवसांत जे झालं, ते त्या विषयात कुठेच बसत नव्हतं.

आमचं ऑफिस कुवेंपुनगरात एका दातांच्या दवाखान्याच्या वर आहे. कामं लहान असतात. कुणाला बोअरवेलसाठी नकाशा हवा असतो, कुणाला शाळेच्या बसचे मार्ग. या वेळी एका शेतकरी गटाला विचारायचं होतं की मासे पाळायला तळी खणायची तर ती कुठे खणावीत. असं काम करायची पद्धत सोपी आहे. जमीन सपाट हवी, म्हणून उताराचा एक थर. माती चिकण हवी, म्हणजे पाणी मुरून जात नाही, म्हणून मातीचा दुसरा थर. पाणी जवळ हवं, रस्ता जवळ हवा, नाहीतर जिवंत मासा बाजारात पोचायचा नाही. त्यांचे आणखी थर. प्रत्येक थराला महत्त्वाप्रमाणे गुण द्यायचे आणि सगळे थर एकावर एक ठेवायचे. जमिनीच्या प्रत्येक छोट्या चौकोनाची बेरीज कॉम्प्युटर करतो. बेरीज जास्त तिथे गडद निळा रंग, कमी तिथे पिवळा. गडद निळं म्हणजे उत्तम, खुशाल खणा.

शेवटचं काम वगळणीचं. जंगल, रस्ते, घरांसाठी आखलेले प्लॉट, घरं, दुकानं नकाशातून कापून काढायची, कारण कुणाच्या दिवाणखान्यात कुणी तळं खणत नाही. हे सगळ्यात कंटाळवाणं काम. वस्तीचा थर मी तयार करून दिला होता. तिने तो जोडला असं मी धरून चालले. जोडणं माझ्याकडे आहे असं ती धरून चालली.

“ताई, इकडे या,” ती म्हणाली. “अख्खं शहर रंगलंय.”

“रंगलंय म्हणजे?”

“म्हणजे आपण वस्ती वगळलीच नाही. आपला नकाशा बसस्टँडवर मासे पाळायचे का ते सांगतोय.”

“वगळणी केली नाहीस?”

“मी? तुम्ही करणार होतात ना!”

“सुम्ने माझ्यावर ढकलू नकोस.”

सुम्ने म्हणजे उगाच. आमच्या घरी मराठीत असले कन्नड शब्द मिठासारखे पडतात, आम्हाला ते जाणवतही नाहीत. तिला अजून जाणवतात. “तुमचं अर्धं बोलणं मला कळतं,” ती म्हणाली, “आणि उरलेलं माझ्या सासूला.”

दुपारच्या जेवणाला अवकाश होता. चूक दुरुस्त करण्याआधी तिला गंमत सुचली. प्रत्येकाच्या घरावर बाण नेऊन तिथले गुण वाचायचे. तिचं घर चढावर, गुण जेमतेम. सरांचं घर खडकावर, त्यांना तर शून्यच. “सरांच्या घरी गप्पीसुद्धा जगणार नाही,” ती म्हणाली. मी मंडी मोहल्ल्यात राहते, बाजाराच्या मागच्या गल्लीत. तिथे मध्यम. “तुमच्याकडे कटला बरा येईल, ताई. मोरीत सोडा.”

“आता अक्काच्या साइटवर बघ,” मी म्हणाले.

अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. साइट म्हणजे घर बांधायची मोकळी जागा. इथे प्लॉटला सगळे साइटच म्हणतात. आमचे पूर्वज फौजेतून म्हैसूरला आले आणि इथलेच झाले, पण अक्काचा सगळा संसार भाड्याच्या घरांत गेला. घरमालकाला विचारल्याशिवाय तिला भिंतीत खिळा ठोकता आला नाही. दाजी रिटायर झाल्यावर त्यांनी रिंग रोडच्या पलीकडे एका नव्या लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडलेल्या वसाहतीत, साइट घेतली. साठ्यातलं होतं नव्हतं ते त्यात गेलं. गुद्दली पूजा, म्हणजे कुदळीची पूजा, भूमिपूजनाला इथे तेच म्हणतात, ती जानेवारीत झाली. पायाचे खड्डे खणून झाले होते. सोमवारी त्यात काँक्रीट पडणार होतं. तुळस कुठे, झोपाळा कुठे, स्वयंपाकघराची खिडकी कुठल्या दिशेला, हे अक्काने मला इतक्या वेळा सांगितलं होतं की मी डोळे मिटून त्या घरात फिरू शकले असते.

पूजेच्या वेळी तिने फोनवर जागेचा पत्ता पाठवला होता. मी तो दिला. नकाशा सरकला आणि बाण जाऊन थांबला तो गडद निळ्या डागाच्या ऐन मध्यावर. शाई सांडावी तसा डाग.

“वा!” सहकारी हसली. “अक्कांना सांगा, घर राहू दे, रोहू टाका.”

मीही हसले. मग गुण वाचले. त्या संपूर्ण तुकड्यात त्याहून जास्त गुण कुठेच नव्हते. आधी मी हसायची थांबले, मग ती.

नकाशा काहीतरी चुकला असणार, हे मनात पहिल्यांदा आलं. म्हणून एकेक थर वेगळा उघडला. उतार: ताटासारखा सपाट. माती: चिकण, काळपट. मग पाण्याचे मार्ग. हा थर कॉम्प्युटर जमिनीच्या उंचीवरून स्वतः काढतो. आज ओहोळ दिसतो की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. पाऊस पडला तर पाणी कुठून कुठे धावेल, तेवढं तो सांगतो. तीन बारीक रेघा तीन बाजूंनी येत होत्या आणि अक्काच्या साइटजवळ एकत्र होत होत्या. तिथून बाहेर जाणारी रेघ नव्हती.

मी कपाटातून त्या भागाचा जुना सर्वेक्षणाचा कागद काढला आणि टेबलावर पसरला. त्यावर त्याच जागी तुटक निळ्या रेषेने एक आकार काढला होता. एका बाजूला जाड काळी वळणदार रेषा. असली रेषा मी आजवर किती कागदांवर पाहिली असेल. बांध. फक्त पावसाळ्यात भरणाऱ्या जुन्या केरेचा, तलावाचा बांध.

“म्हणजे काय ताई?” तिने विचारलं, खरं तर तिला दिसत होतंच.

“म्हणजे अक्का तळ्यात घर बांधतेय.”

वाक्य माझ्याच तोंडून निघालं आणि मीच खुर्चीवर बसले. साइट घेताना दाजींनी वकील गाठला होता, सगळे कागद दोनदा पडताळले होते. तळं कधीचं गाळाने भरून गेलेलं, कागदात ती साधी कोरडवाहू जमीन. जागा कुणाच्या मालकीची हे कागदाने बरोबर सांगितलं होतं. पाणी कुणीकडून येतं हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. आणि ज्या नकाशाने ते सांगितलं, त्याला घरांबद्दल चकार शब्द विचारलेला नव्हता. वगळणी वेळेवर झाली असती तर त्या जागी पांढरा ठिपका दिसला असता आणि आम्ही डबे उघडले असते.

अक्काला फोन केला. “उद्या सकाळी साइटवर येते.”

“कशाला गे?”

“बघायला.”

“दुपारी ये की. चित्रान्न करते, जेवून जा.”

“सकाळीच येते. लवकर.”

“तुझं सगळं सरकारी वेळेवर,” अक्का म्हणाली आणि फोन ठेवला.

शनिवारी आम्ही दोघी स्कूटरवरून निघालो, मातीचा नमुना काढायचं गिरमिट पायापाशी आडवं ठेवून. रिंग रोड ओलांडला, लेआउटची कमान आली. आत मोजकीच घरं, बाकी खुणांचे दगड आणि रुईची झुडपं. अक्काची साइट दिसायच्या आधी तिथला आवाज ऐकू आला. पंप चालू होता.

मेस्त्री खड्ड्याच्या कडेला उकिडवा बसून चहा पीत होता. पंपाची जाड नळी रस्त्याकडेच्या गटारात सोडलेली, आणि तिच्यातून भरभरून पाणी पडत होतं. पाऊस होऊन महिने लोटले होते.

“हे पाणी कुठलं?” मी कन्नडमध्ये विचारलं.

“खड्ड्यातलं, मॅडम.”

“खड्ड्यात कुठून आलं?”

“येतं. रात्रीत भरतं, सकाळी काढतो. मालक दहाला येतात, त्याआधी कोरडं करून ठेवतो.”

“रोज?”

“खणलं तेव्हापासून.”

“आणि त्यांना सांगितलं नाहीत?”

“अय्यो, कशाला? वयस्कर माणसं, घाबरतील.” हे तो अशा सुरात म्हणाला, जणू आमच्यावर उपकारच केले होते. त्याच्या समजुतीप्रमाणे केलेच होते. काँक्रीट एकदा पडलं की सगळं झाकलं जाईल, असं तो पुढे म्हणाला.

खणलेल्या मातीचा ढीग बाजूला होता. राखाडी काळी, चकचकीत, कोरडी पडल्यावर मोठमोठ्या भेगा गेलेली. त्यात पांढरे कण दिसत होते. मी वाकून उचलले. गोगलगायींचे शंख, नखाएवढे, अख्खे. आणि पातळ शिंपले, जोडी न सुटलेले. मूठभर सहज गोळा झाले.

तेवढ्यात रिक्षातून अक्का आणि दाजी उतरले. मी लवकर येणार म्हणून तेही लवकर आले होते. मेस्त्री चहा टाकून पंपाकडे धावला, पण आता उशीर झाला होता. अक्काचं लक्ष पंपाकडे नव्हतंच. तिने माझी मूठ बघितली.

“तुलाही मिळाले!” ती म्हणाली. “मी डबाभर नेलेत. धुऊन देवघरात ठेवलेत. जमिनीतून शिंपले निघाले म्हणजे लक्ष्मी स्वतः आली, अल्ला?”

अल्ला म्हणजे ‘नाही का’. माझी सहकारी, बिचारी, हाताच्या सवयीने काम करत होती. तिने ओल्या मातीचा गोळा वळला, डोक्याच्या वर उडवला, झेलला. तळ्याची माती अशीच तपासतात. गोळा फुटला नाही तर माती पाणी धरते. गोळा तिच्या तळहातावर जसाच्या तसा बसला. “एकदम उत्तम, ताई!” ती म्हणाली, आणि मग तिने जीभ चावली.

“काय उत्तम?” दाजींनी विचारलं.

मी सांगितलं. आधी शंख दाखवले, मग नळी, मग फोनवर निळा डाग, मग जुन्या कागदाचा फोटो. एकेक करून, मीटिंगमध्ये सांगते तसं, कारण दुसऱ्या कुठल्या पद्धतीने मला ते सांगताच आलं नसतं. अक्का ऐकता ऐकता विटांच्या चळतीवर बसली.

दाजी उभेच होते. “म्हणजे मासे पाळायच्या नकाशावरून तू मला घर बांधू नको म्हणतेस?”

“नकाशा पाण्याचा आहे दाजी.”

“वकिलाने बघितलं. इंजिनियरने प्लॅन दिला. पंचांग बघून मुहूर्त काढला. आता मासेवालीचं ऐकू?”

“मासेवाली नाही, मेव्हणी.”

“तेच तर अवघड आहे,” ते म्हणाले. “मासेवाली असती तर भाव करून वाटेला लावली असती.”

कुणी हसलं नाही. मी म्हणाले, “एक साधी परीक्षा करू. आम्ही तळ्याच्या जागेवर करतो तीच. पंप आज बंद. हे खड्डे आता रिकामे झालेत, ते उद्या सकाळपर्यंत असेच राहू देत. कोरडे राहिले तर मी चुकले. सोमवारी काँक्रीटची पाटी मी स्वतः उचलीन.”

“उचलशील?”

“कमरेला पदर खोचून.”

“मेस्त्री,” दाजी म्हणाले, “पंप घरी घेऊन जा.” मेस्त्री मोटारीची पिनसुद्धा आमच्यासमोर काढून घेऊन गेला.

रविवारी सकाळी आम्ही चौघं पुन्हा तिथे. अक्काने येताना प्लास्टिकच्या पिशवीत नारळ आणि फुलं आणली होती. कशासाठी ते मी विचारलं नाही. उन्हं अजून तिरकी होती. पहिला खड्डा काठाखाली वीतभर सोडून भरलेला. दुसराही. तिसराही. मी कडेकडेने सगळे बघत गेले. पाणी निवळ होतं, आणि सगळ्या खड्ड्यांत अगदी एका पातळीला होतं. ते वेगवेगळे खड्डे नव्हतेच. खाली एकच पाणी होतं, वरची जमीन त्याचं झाकण होती, आणि आम्ही त्या झाकणाला भोकं पाडली होती.

असं होणार हे मला ठाऊक होतं. मीच सांगितलं होतं. तरी नकाशावर बरोबर ठरणं आणि बहिणीच्या स्वयंपाकघरात आभाळाचं प्रतिबिंब बघणं यात फार अंतर आहे.

दाजींनी बांबूची काठी पाण्यात घालून पाहिली. ओला भाग बाहेर काढून त्याकडे बघितलं. पुन्हा घातली. मेस्त्री मागे उभा होता. “रोज एवढं?” त्यांनी न वळता विचारलं.

“रोज, सार.”

मला वाटलं आता ते त्याला फाडून खातील. ते एवढंच म्हणाले, “उद्या काँक्रीट नको.” मग चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसत राहिले, बराच वेळ.

अक्का एका खड्ड्यापाशी उभी होती. “ही माझी ओट्याची जागा,” ती म्हणाली. रडली नाही. नारळाची पिशवी तिने एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

तेवढ्यात कोपऱ्यावरच्या घरातल्या बाईंनी हाक मारली. अक्काशी त्यांची रोजची ओळख झालेली. साठीच्या आतल्या, गोऱ्या, हसऱ्या. नवरा आणि मुलगा दोघेही नोकरीला. रविवारची सकाळ, सगळे आलेत, कॉफी घेतल्याशिवाय जाऊ देणार नाही म्हणाल्या. नाही म्हणायला आमच्या कुणाच्या अंगात बळ नव्हतं. आम्ही ओळीने जाऊन त्यांच्या हॉलमध्ये बसलो.

“तुम्ही फार चांगली जागा निवडलीत,” त्या अक्काला कन्नडमध्ये सांगत होत्या. “इथे पाण्याचा त्रासच नाही. आमच्या संपमध्ये पाणी आपोआप येतं. नळाचं नाही हं, आपोआप! उन्हाळ्यातसुद्धा. टँकर म्हणून कधी मागवला नाही. देवाने दिलंय.”

संप म्हणजे घराखालची पाण्याची टाकी. माझ्या हातातला कप थांबला. त्यांनी कौतुकाने मागच्या अंगणात नेलं, लोखंडी झाकण उचललं. “बघा.” हात घातला तर बोटं भिजतील इतकं वर पाणी होतं. टाकीच्या भिंतीतून ते आत झिरपत होतं, आणि ती बाई, देवाशप्पथ, अभिमानाने माझ्याकडे बघत होती.

परत येताना मागचा दरवाजा खांद्याने ढकलावा लागला. “गेल्या पावसापासून लागत नाही,” त्या म्हणाल्या. “लाकूड फुगलं.” खिडकीच्या कोपऱ्यातून एक बारीक रेघ भिंतीवरून तिरकी खाली उतरली होती. मध्ये तिच्यावर कॅलेंडर लावलं होतं, आणि कॅलेंडरच्या खाली ती पुन्हा निघाली होती. अक्काने रेघ बघितली. मग माझ्याकडे बघितलं. माझी सहकारी खाली मान घालून कॉफी पीत होती, कप कधीचा रिकामा झाला होता तरी.

दुसऱ्याच्या घरात, त्यांनी दिलेली कॉफी हातात धरून, तुमचं घर तळ्यात आहे हे कोणत्या शब्दांत सांगतात? मीटिंगमध्ये त्यासाठी शब्द असतात. तिथे नव्हते.

परतीच्या रिक्षात दाजी म्हणाले, “विकून टाकू.”

“कुणाला?” अक्का.

“घेणारे पुष्कळ आहेत. या भागात मागणी आहे.”

“आणि सांगणार काय त्यांना?”

“कागद चोख आहेत आपले.”

“आपण घेतली तेव्हाही चोखच होते,” अक्का म्हणाली.

मंडी मोहल्ल्याच्या वळणावर मी उतरले.

सोमवारी ऑफिसात आम्ही वगळणी लावली. एक बटण दाबायचं काम. शहर एका क्षणात पांढरं झालं, रिंग रोडच्या पलीकडचे लेआउटसुद्धा. अक्काची साइट, कोपऱ्यावरचं घर, तीन रेघा, निळा डाग, सगळं गेलं. नकाशा स्वच्छ झाला. सर मागे येऊन उभे राहिले. “गुड,” म्हणाले, “आता बरोबर दिसतोय.” आमच्या कामापुरता तो बरोबरच होता. सहकारीने माझ्याकडे बघितलं. आधीचा नकाशा मी वेगळा जपून ठेवायला सांगितला, आणि त्यातला तेवढा लेआउटचा तुकडा मोठा करून छापून घेतला. वरचं मत्स्यतळ्यांचं शीर्षक काढून टाकलं. नुसता तुकडा, रस्ते, साइटचे नंबर आणि निळा रंग.

मग एक माती तपासणारा इंजिनियर बघितला, आधीच्यापेक्षा वेगळा. त्याने बोअर मारून खालपर्यंतची माती काढली आणि अक्काच्या भाड्याच्या घराच्या ओसरीवर बसून सरळ सांगितलं. घर बांधता येईल. पण आखलंय तसं नाही. पाया बराच खोल न्यावा लागेल, जोतं उंच घ्यावं लागेल. आणि एवढं करून फक्त घर उभं राहील. मोठा पाऊस झाला की तिन्ही बाजूंचं पाणी पूर्वी यायचं तिथेच येणार. त्याला बाहेर जायला वाट काढायची तर ती अख्ख्या लेआउटमधून काढावी लागेल, आणि बांधाच्या बाजूने फोडून न्यावी लागेल. “हे एका घराचं काम नाही,” तो म्हणाला. “सगळे मिळून केलं तरच.”

तो गेल्यावर दाजी म्हणाले, “सगळ्यांना सांगायचं म्हणजे झालंच. उद्यापासून त्या साइटकडे कुत्रं फिरकणार नाही. विकायची वाटसुद्धा बंद.”

“मला विकायची नाही,” अक्का म्हणाली. “मला राहायचंय.”

“तळ्यात?”

“तळ्यात नाही. तळ्यातून पाणी काढून.” ती शांतपणे म्हणाली. “आणि ती कोपऱ्यावरची तिथे आत्ता राहतेय. आपल्याला निदान खड्ड्यात पाणी दिसलं. तिला कॅलेंडर दिसतंय.”

दाजी म्हणाले, “मी सांगणार नाही. माझ्या तोंडून निघणार नाही.”

“तुम्ही नको. ही सांगेल,” अक्का माझ्याकडे वळली. “नकाशा हिचा. तूच सांग गे.”

मी हो म्हटलं. काम ठरलं, कुणी करायचं ते ठरलं. मला असं ठरलं की बरं वाटतं, एरवी.

पुढच्याच शनिवारी नकाशा गुंडाळी करून मी एकटी गेले. कोपऱ्यावरच्या घरापाशी पोचले तर फाटकासमोर विटांचा ट्रक उभा. माणसं विटा उतरवून भिंतीलगत रचत होती. सिमेंटची पोती ताडपत्रीखाली झाकलेली. बाई दारात होत्या, हातात पूजेचं ताट, कपाळभर कुंकू.

“अगदी वेळेवर आलात!” त्या म्हणाल्या. “वरचा मजला काढतोय. मुलाचं लग्न ठरलं ना! प्रसाद घ्या.”

मी प्रसाद घेतला. केळ्याचा शिरा होता, गरम. मुलगा कोण, मुलगी कुठली, लग्न कधी, सगळं ऐकलं. छान, छान म्हणाले. नकाशाची गुंडाळी माझ्या काखेत होती. “हे काय, ऑफिसचं?” त्यांनी विचारलं. “हो, ऑफिसचं,” मी म्हणाले आणि स्कूटर वळवली. त्या भेग गेलेल्या भिंतीवर आता आणखी एक मजला चढणार होता, आणि मी शिरा खाऊन आले होते.

आज बुधवार. नकाशा दारामागे उभा करून ठेवलाय. वरच्या मजल्याचं बांधकाम येत्या शुक्रवारी सुरू होणार असं अक्काने फोनवर सांगितलं, आणि विचारलं, “सांगितलंस?” वहीत आजच्या कामांत पाच गोष्टी लिहिल्या होत्या. गॅसचं बुकिंग झालं. सरांचा अहवाल गेला. आईच्या गोळ्या आणल्या. स्कूटर सर्व्हिसला टाकली. कोपऱ्यावरच्या घरी जाऊन, आत बसून, नकाशा उलगडून सांगायचं, विटा वर चढायच्या आत. हे राहिलंय.